तीन मीटरचा वासा, 87 मीटरची तबकडी

कतरची राजधानी दोहा. तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयावर लिहिताना जो तो 'वाळवंटातला गुलाब' म्हणत सुरुवात करतो. गुलाबाकडे येऊच, पण आधी वासा. वासा कळल्याशिवाय त्या इमारतीचा आकार किती अचाट आहे ते कळत नाही.

कतरमधल्या जुन्या घरांत खोली लांबीला वाटेल तेवढी असते, पण रुंदीला तीन-सव्वातीन मीटरच्या पुढे सहसा जात नाही. गरिबाचं घर असो की शेखाचा वाडा, माप तेच. कारण लाकूड. या भूमीवर इमारती लाकूड उगवत नाही. गलबतांसाठी सागवान मलबारच्या किनाऱ्यावरून यायचं आणि घराच्या छतासाठी पूर्व आफ्रिकेच्या खाड्यांमधून कांदळाचे वासे. स्थानिक बोलीत त्यांना 'दंचल' म्हणतात. कांदळाचं खोड सरळ वाढतं, कठीण असतं, पण बारीक. भार पेलू शकेल अशी त्याची लांबी तेवढीच. झाडाने खोलीची रुंदी ठरवली आणि खोलीने बसण्याची रीत. पाहुण्यांच्या मजलिसमध्ये माणसं भिंतीला टेकून दोन्ही बाजूंना समोरासमोर बसतात, मधे कॉफीवाल्याला फिरायला वाट.

छताची रचना खालून वर अशी: आधी दंचलचे वासे, थोड्या थोड्या अंतराने. वासा एका टोकाला जाड, दुसऱ्याला बारीक, म्हणून एकाआड एक उलटसुलट ठेवायचा, नाहीतर छत एका बाजूला उतरतं. त्यावर चिरलेल्या बांबूची जाळी, ती 'बासगिल'. त्यावर विणलेली चटई. तिच्यावर चोपून बसवलेल्या मातीचा जाड थर, किंचित उतार देऊन, आणि पाणी बाहेर फेकायला लाकडी पन्हळी, म्हणजे 'मर्झाम'. पाऊस वर्षाला जेमतेम 75 मिलिमीटर. पण पडतो तेव्हा एकदम पडतो, आणि पन्हळ तुंबली की तेवढ्याच पाण्यात माती फुगून छत बसतं. दुसरं दुखणं वाशाच्या टोकाचं. भिंतीत रुतलेलं टोक ओल धरतं आणि तिथेच कुजतं किंवा वाळवी लागते. म्हणून टोकाला डांबर फासायचे.

भिंत समुद्रातल्या प्रवाळी दगडाची किंवा चुनखडीच्या दगडाची, सांधायला चिखल, वरून जिप्समचा गिलावा. जिप्सम म्हणजे आपली चिरोडी. भट्टीत भाजून, कुटून, पाण्यात कालवली की काही मिनिटांत घट्ट होते. किनाऱ्यावरच्या खाऱ्या जमिनीत ती फुकट मिळते, म्हणून आखातातला गिलावा तिचाच.

या पद्धतीचा मोठा नमुना म्हणजे शेख अब्दुल्ला बिन जासिम अल थानी यांचा वाडा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. काही काळ तिथे अमिराचं घर होतं आणि राज्यकारभारही तिथूनच चाले. 1971 मध्ये कतर स्वतंत्र झालं आणि 1975 मध्ये या वाड्याचं पहिलं राष्ट्रीय संग्रहालय झालं. शेजारी एक कृत्रिम तळं करून त्यात जुनी गलबतं उभी केली होती. त्या कामाला 1980 मध्ये वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला, अगदी पहिल्याच फेरीत.

अशा वाड्याची डागडुजी फसते ती सिमेंटमुळे. खारं भूजल वर असतं. भिंत ते वातीसारखं वर खेचते. जिप्समचा किंवा मातीचा गिलावा श्वास घेतो, पाणी त्यातून उडून जातं, मीठ पृष्ठभागावर पांढरं फुलतं आणि खरवडून काढता येतं. सिमेंटचा गिलावा ही वाट बंद करतो. मग मिठाचे स्फटिक गिलाव्याच्या मागे, दगडातच तयार होतात, फुगतात आणि दगडाची भुकटी करतात. वरून भिंत गुळगुळीत, आतून पोकळ. शिवाय कोंडलेलं पाणी सिमेंटमुळे आणखी वर चढतं, थेट वाशांच्या टोकांपर्यंत. उपाय वेळखाऊ आहे: सिमेंट हाताने काढायचं, ओल्या लगद्याचे लेप लावून मीठ शोषून घ्यायचं, लेप वाळले की उतरवायचे, पुन्हा लावायचे, आणि शेवटी असा गिलावा करायचा जो दगडाच्या आधी मरेल. दर काही वर्षांनी तो बदलावा लागतो. बजेट मंजूर करणाऱ्यांना नेमकं हेच पटत नाही. नव्या संग्रहालयाच्या वेळी या वाड्याच्या जतनाचं काम बर्लिनच्या एका वास्तुरचनाकार-अभियंता संस्थेने केलं. आज तो संग्रहालयाच्या मार्गाच्या शेवटी उभा आहे.

आता गुलाब. फ्रेंच वास्तुरचनाकार ज्याँ नुव्हेल यांनी या वाड्याला वेढा घालणारी इमारत रचली, ती 28 मार्च 2019 ला उघडली. वाळवंटी गुलाब हे फूल नाहीच, तो चिरोडीचा खडा. खाऱ्या दलदलीत, ज्याला तिथे 'सब्खा' म्हणतात, वाळूतलं पाणी उन्हाने उडतं आणि मागे चिरोडीचे पातळ गोल पापुद्रे एकमेकांत घुसून वाढतात. वाड्याच्या गिलाव्याचंच खनिज. त्यामुळे ही उपमा नुसती पोस्टकार्डवरची वाटत नाही. गंमत अशी की नव्या इमारतीच्या आतल्या भिंतींनाही जिप्सम आणि चुन्याच्या मिश्रणाचा, दगडासारखा दिसणारा गिलावाच आहे.

इमारत या पापुद्र्यांसारख्या एकमेकींत घुसलेल्या तबकड्यांची आहे. आकडे असे: 539 तबकड्या, सगळ्यात लहान 14 मीटर व्यासाची, मोठी 87 मीटरची. त्यांच्यावर काचतंतू घातलेल्या काँक्रिटच्या 76,000 फरश्या, वाळूच्या रंगाच्या, 3,600 वेगवेगळ्या आकारांच्या. म्हणजे एका तबकडीला सरासरी 140 फरश्या, आणि एका आकाराच्या सरासरी 21. हा दुसरा आकडा महत्त्वाचा. वेड्यावाकड्या इमारतीत प्रत्येक तुकडा वेगळा निघाला तर साच्यांचाच खर्च इमारत गिळतो. तबकडी गोलाचा काप असली की तिची वक्रता सगळीकडे सारखी राहते, त्यामुळे एकाच साच्यातून अनेक तुकडे निघतात. वेगळे तुकडे लागतात ते दोन तबकड्या जिथे एकमेकींना कापतात तिथे. हे सगळं कागदावरच्या नकाशाने होण्यासारखं नव्हतंच. विमान उद्योगात वापरतात तसं त्रिमिती संगणकीय प्रतिरूप करून त्यातून थेट मापं काढली गेली. काम गेहरी टेक्नॉलॉजीजचं, बांधकाम कोरियाच्या ह्युंदाईचं.

तबकडीच्या पोटात पोलादी सांगाडा असतो, सायकलच्या चाकासारखा: मधे तुंबा, बाहेर आरे. आडव्या तबकड्यांचा भार उभ्या तबकड्यांत लपवलेल्या खांबांवरून जमिनीत जातो. बाहेरून खांब दिसत नाही, म्हणून इमारत पत्त्यांच्या बंगल्यासारखी वाटते.

अशा अंगाला उन्हाचं काय होतं? हिवाळ्याच्या रात्री फरशी 12-15 अंशांवर, ऑगस्टच्या दुपारी उन्हात 65 च्या आसपास. फरक 50 अंशांचा. काँक्रिट एका अंशाला मीटरमागे साधारण 12 मायक्रोमीटर वाढतं. 87 मीटर गुणिले 50 गुणिले 12, म्हणजे 52 मिलिमीटर. चार बोटं नव्हे, पण तीन नक्की. पोलादाचा प्रसरणांक जवळजवळ तेवढाच, ही निसर्गाची कृपा. पण सांगाडा आत सावलीत असतो आणि फरशी उन्हात, म्हणून दोघे एकाच वेळी वाढत नाहीत. सांधा गच्च भरला तर फरशीचे कोपरे उडतात, म्हणून फट ठेवावीच लागते. समजा दर दोन मीटरला एक सांधा, तर प्रत्येकाच्या वाट्याला सव्वा मिलिमीटर येतो. जवळ गेलात तर तबकडीवर किरणांसारख्या पसरलेल्या रेषा दिसतील. लोकांना ते नक्षीकाम वाटतं. खरं काम त्या फटींचं आहे.

सावलीचा हिशेब चांगला जमलाय. तबकडीची कड पुढे झुकते, तिच्याखाली काच आत ओढलेली, त्यामुळे दुपारचं ऊन काचेवर थेट पडत नाही. तबकडीच्या पोटातली पोकळी उष्णतेला अडवते. मधल्या अंगणात, ज्याला ते 'हौश' म्हणतात, नोव्हेंबर ते फेब्रुवारी या दिवसांत आरामात बसता येतं. जुन्या गल्ल्या अरुंद ठेवून जी सावली मिळायची, ती इथे छत वाकवून मिळवली आहे.

धुळीचा हिशेब मात्र कुठलाच वास्तुरचनाकार नीट करत नाही. आडव्या, किंचित खोलगट पृष्ठभागावर धूळ बसते, रात्रीच्या दमट हवेत तिचा लेप होतो, आणि पहिल्याच पावसात तो लेप ओघळून उभ्या तबकडीवर काळपट दाढी काढतो. रंग वाळूचा ठेवल्याने बरंच लपतं. काचेचं दुखणं वेगळं. आखातात उन्हाळ्यातली रात्र कोरडी नसते, समुद्रावरून इतकी दमट हवा येते की गार काच बाहेरून धुकं धरते. आपल्याकडे गाडीची काच आतून धुरकट होते, तिथे बाहेरून. संग्रहालयाला आत 21-22 अंश आणि 50 टक्क्यांच्या आसपास आर्द्रता हवी, बाहेर 35 अंश आणि 80 टक्के. दोन दारांच्या मधे एक हवाबंद दालन नसेल तर दर वेळी दार उघडलं की एक दमट ढग आत येतो.

आत गेल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती अशी की चित्र टांगायला भिंतच नाही. सगळ्या भिंती कलत्या, जमीनही हळूहळू उतरत-चढत जाणारी. अकरा दालनं, दीड किलोमीटरचा मार्ग. कलती भिंत असली की माणूस नकळत तिच्यापासून दूर चालतो, आणि काचेची उभी पेटी तिला चिकटवता येत नाही. मग भिंतींचं करायचं काय? त्यांवर चित्रपट. मोत्यांच्या पाणबुड्यांवरचा चित्रपट मीरा नायर यांनी केलाय. भिंतभर समुद्र हलत असतो आणि त्याच्यासमोर एका पेटीत पाणबुड्याची नाकचिमटी, हाताच्या बोटाएवढी. मला ही विषमता पटत नाही. वस्तू कमी आणि पडदा मोठा, अशी तक्रार बरेच जण करतात, त्यात तथ्य आहे. पण ज्या समाजाची पिढ्यान्‌पिढ्यांची मालमत्ता तंबू, उंट आणि तोंडी कविता एवढीच होती, त्याच्याकडे पेट्या भरायला वस्तू येणार तरी कुठून, हाही प्रश्न आहे. उलट त्या विणलेल्या लोकरी पट्ट्यांची, बायकांनी जमिनीवरच्या मागावर काढलेल्या नक्ष्यांची दालनं मला जास्त बोलकी वाटली. जून 2017 मध्ये शेजाऱ्यांनी कतरची नाकेबंदी केली, संग्रहालय उघडलं तेव्हा तिचाही भाग त्यात होता, आणि ती नाकेबंदी तेव्हा चालूच होती. इतिहास इतका ताजा मांडला की तो इतिहास राहत नाही, निवेदन होतं.

मराठी माणसाने मात्र एका पेटीपाशी थांबायलाच हवं. बडोद्याचा मोत्यांचा गालिचा. खंडेराव गायकवाडांनी 1865 च्या सुमारास तो करवून घेतला, मदिनेला पैगंबरांच्या कबरीवर अर्पण करण्यासाठी असं सांगतात. 1870 मध्ये महाराज वारले आणि गालिचा बडोद्यातच राहिला. रेशीम आणि हरणाच्या चामड्यावर दहा-पंधरा लाखांच्या वर बारीक मोती, मधे हिरे, माणकं, पाचू, नीलम, रंगीत काचेचे मणी. मोती याच आखातातले. आपल्या आज्ज्या ज्यांना 'बसराचे मोती' म्हणायच्या तेच, बसऱ्याच्या बाजारातून आले म्हणून बसरा. पुढे तो गालिचा बडोद्याच्या महाराणी सीतादेवींबरोबर मोनॅकोला गेला आणि 2009 मध्ये दोह्यातच लिलावात सुमारे 55 लाख डॉलरला विकला गेला. म्हणजे मोती समुद्रातून निघून मुंबईमार्गे बडोद्याला गेले आणि जवळपास दीडशे वर्षांनी, शिवलेले, पुन्हा आपल्या किनाऱ्यावर आले.

त्या पेटीजवळ उजेड कमी का, असं विचारू नका. रेशीम आणि चामडं यांना 50 लक्सच्या वर उजेड सोसत नाही. मोती तर आणखी नाजूक. कॅल्शियम कार्बोनेटच्या पापुद्र्यांना धरून ठेवणारं प्रथिन आणि थोडंसं पाणी, एवढ्यावर त्याची झळाळी उभी असते. हवा फार कोरडी झाली की तो तडकतो, घामाच्या आम्लाने निस्तेज होतो. खालचं चामडं आक्रसलं तर टाके तुटून मोती गळतात. म्हणून तापमानापेक्षा आर्द्रता स्थिर ठेवणं जास्त अवघड आणि जास्त महत्त्वाचं.

मोत्यांच्या धंद्याचे धागे मुंबईत किती रुतले होते ते भाषेतच दिसतं. तिथल्या गलबताचा कप्तान 'नोखदा', आपल्या कोळीवाड्यात 'नाखवा'. मोत्याचा भाव ठरवायचं माप 'चव', तेच मुंबईच्या बाजारात. त्याचा हिशेब वजनाच्या वर्गावर चालतो, म्हणजे दुप्पट वजनाच्या मोत्याला चौपट चव. दोन लहान मोती मिळून एका मोठ्याची किंमत कधीच होत नाही, आणि पाणबुडे कर्जातून का सुटत नसत याचं थोडं उत्तर यात आहे. बहुतेक फेऱ्यांत लहानच मोती निघायचे. 1930 च्या दशकात जपानी संवर्धित मोती आणि जागतिक मंदी एकाच वेळी आली आणि तो धंदा बसला. चलन मात्र तिथे भारतीय रुपयाच होतं, 1959 पासून रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी काढलेला वेगळ्या रंगाचा रुपया, आणि 1966 च्या अवमूल्यनानंतर तोही गेला.

तेल आलं ते असं: कतरच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या दुखानला 1939-40 मध्ये सापडलं, युद्धात विहिरी बुजवल्या, पहिलं जहाज 1949 च्या अखेरीस निघालं. त्याआधीची वीस वर्षं उपासमारीची होती. 87 मीटरच्या तबकडीकडे पाहताना हे लक्षात ठेवावं.

समुद्रकाठाने चालत गेलं की वास्तुरचनाकार आय. एम. पेई यांचं इस्लामी कलेचं संग्रहालय लागतं, 2008 चं. त्यावर लांबण लावत नाही. पेईंनी नव्वदीच्या उंबरठ्यावर ते रचलं, कैरोच्या इब्न तुलून मशिदीतल्या वजूच्या छोट्या घुमटीवरून. शेजारी पुढे कोण काय बांधेल या धास्तीने त्यांनी किनाऱ्यापासून सुमारे 60 मीटरवर स्वतंत्र बेटच मागून घेतलं. पुढे दोह्यात काय काय उभं राहिलं ते पाहता म्हातारबुवांची धास्ती खरी ठरली. चौकोनी, फिक्या दगडाच्या ठोकळ्यांवर ऊन सरकतं तशी इमारत बदलते. दुपारी चारनंतर पाहा. नुव्हेलची इमारत फोटोत सुंदर दिसते, पेईंची प्रत्यक्षात.

जाणाऱ्यांसाठी: मेट्रोच्या सोनेरी मार्गावर 'नॅशनल म्युझियम' हे स्टेशन आहे, पुढचं सूक वाकिफ, म्हणजे जुना बाजार, त्यापुढचं मशैरिब. तिन्ही एका दिवसात होतात, पण राष्ट्रीय संग्रहालयालाच तीन तास ठेवा. शुक्रवारी सकाळी जाऊ नका, दुपारनंतर उघडतं. दालनं ठरलेल्या क्रमाने आहेत, उलट जाता येत नाही असं नाही, पण उतार तुमच्या विरुद्ध येतो. आत चांगलंच गार असतं, अंगावर काहीतरी हवं.

मशैरिब चुकवू नका. जुनं दोहा तिथे होतं. शहरात पहिल्यांदा विजेचे दिवे लागलेली 'काहराबा' गल्ली तिथली, आणि नंतर अनेक वर्षं दक्षिण आशियाई कामगारांच्या खोल्या आणि दुकानंही. ती वस्ती पाडून 31 हेक्टरवर नवा भाग उभा राहिला, जुन्या घरांपैकी चार ठेवली आणि 2015 मध्ये त्यांची संग्रहालयं केली. त्यातलं बिन जलमूद घर गुलामगिरीवर आहे. हिंदी महासागरातला गुलामांचा व्यापार, मोत्यांच्या गलबतांवर राबणारे गुलाम, 1952 मध्ये कतरने केलेली बंदी, आणि शेवटी आजच्या काळातली माणसांची पिळवणूक. आखातात हा विषय अशा उघडपणे मांडणारी दुसरी जागा मला माहीत नाही. तेलकंपनीचं जुनं कार्यालय असलेल्या 'कंपनी हाउस'मध्ये पहिल्या कतरी तेल-कामगारांच्या कहाण्या आहेत. आज तिथल्या दहा रहिवाशांपैकी जवळपास नऊ परदेशी आहेत. नव्या इमारतींच्या जागेवर आधी खोल्या करून राहणाऱ्या त्या माणसांसाठी पाचवं घर काही ठेवलेलं नाही.

मधे सूक वाकिफला उतरलात तर मान वर करून वासे बघा. सिमेंट आणि पत्रे काढून तो बाजार जुन्या वळणावर पुन्हा बांधला आहे, आणि आता गावभर हॉटेलांपासून पेट्रोल पंपांपर्यंत सगळ्यांना भिंतीतून डोकावणारी वाशांची टोकं हवी असतात. खरं छत आणि चिकटवलेलं छत ओळखायचं असेल तर तीन गोष्टी. टोकं सारख्या लांबीची आहेत का? खरी नसतात, कारण दुरून आणलेलं लाकूड कोणी कापून वाया घालवत नसे, जादा लांबी बाहेरच सोडायचे, घर पाडलं की दुसरीकडे वापरायला. टोकं सारख्या जाडीची आहेत का? खरी असतील तर एक जाड, एक बारीक, अशी येतात. आणि आत जाऊन खोलीची रुंदी पावलांनी मोजा. चार-साडेचार पावलांत समोरची भिंत लागली तर वासा भार पेलतोय. दहा पावलं चाललात तरी भिंत येत नसेल, तर वर काँक्रिट आहे.